टर्नटेबलवरची गाडी आणि तिच्याशेजारची मी

गाडीच्या प्रदर्शनात मॉडेल म्हणून उभं राहायचं काम पेपरातली जाहिरात वाचून मिळत नाही. कोऑर्डिनेटरचा फोन येतो. हाइट किती, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या तारखा मोकळ्या आहेत का, हिंदी-इंग्रजी नीट येतं का, आणि वेस्टर्न कपड्यांना घरून काही अडचण नाही ना. २०११ च्या दिवाळीनंतर मला असा फोन आला तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. साड्यांच्या दुकानांची होर्डिंग्ज, एका सराफाचा कॅटलॉग आणि कॉलेजांमधले फॅशन शो एवढा माझा पोर्टफोलिओ. काम होतं दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये, एका परदेशी कंपनीच्या स्टॉलवर, कॉन्सेप्ट कारशेजारी, म्हणजे विकायला नव्हे तर पुढच्या गाड्या कशा असतील ते दाखवायला बनवलेल्या नमुन्याशेजारी.

मी हो म्हटलं ते गाडीसाठी. आम्ही निगडीचे. बाबा चिंचवडला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनतात त्या विभागात होते. डाय, पंच, बर, मायक्रॉन हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकलेत. लग्नाला गेलो की बाबा मांडवाबाहेर लागलेल्या गाड्यांच्या दारांच्या फटींवरून बोट फिरवत उभे राहायचे आणि आई त्यांना आत ओढून न्यायची. आईला माझं हे काम पसंत नव्हतं. मधु सप्रे १९९२ साली मिस इंडिया झाली, उज्ज्वला राऊतने १९९६ मध्ये फेमिना लुक ऑफ द इयर जिंकलं, दोघी मराठीच. पण आमच्या कॉलनीत ही नावं कौतुकाने घेतली जायची आणि वाक्याच्या शेवटी एक ‘पण’ लागायचा. आईचा तो ‘पण’ बाबांनी एका वाक्यात बाजूला केला: "जाऊ दे तिला, कॉन्सेप्ट गाडी जवळून कोणाला बघायला मिळते?"

अंधेरीच्या एका स्टुडिओत लुक टेस्ट झाली. मागे पांढरा कागद. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरं. केस बांधून, केस सोडून. मेकअप पुसून एक क्लोज-अप. मग टेपने मापं. पाच फूट सात इंचांच्या खालच्या मुलींना दारातूनच परत पाठवत होते. त्याचं कारण तिथल्या फोटोग्राफरने सांगितलं. कॉन्सेप्ट कार मुळात बसकी असते. शेजारी उंच मुलगी उभी केली की ती आणखी बसकी, आणखी वेगवान दिसते. म्हणजे फ्रेममधली मुलगी ही शोभा तर असतेच, मोजपट्टीही असते. गाडीच्या छताची उंची आणि आमच्या खांद्यांची उंची यांचं गणित आधीच मांडलेलं होतं. चंदीगड, लखनौ, गुवाहाटी, कुठून कुठून मुली आल्या होत्या. पैसे चांगले होते. एका दिवसाचे पैसे माझ्या कॉलेजच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त. त्या दिवशी आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले गेले. गाडीबद्दलचा एकही नव्हता.

फिटिंग नंतर झालं. गाडीच्या रंगाचा नमुना असलेली पत्र्याची चकती टेबलावर ठेवून शिंप्याने तिच्याशी कापड जुळवलं होतं. चंदेरी, गुडघ्याच्या वर, बिनबाह्यांचा ड्रेस आणि चार इंची टाचा. जानेवारीतली दिल्ली कोणाच्या डोक्यातच नव्हती.

ट्रेनिंग दिल्लीतल्या एका हॉटेलात. ते मन लावून दिलं होतं हे मान्य करायला हवं, कारण उभं राहणं हे खरोखर कसब आहे. सगळा भार मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित सैल, खांदे कॅमेऱ्याला तिरपे. चाक आणि कंपनीचं चिन्ह कधीही झाकायचं नाही. फोटोग्राफर गाडीचा पुढचा कोपरा आणि बाजू एकत्र घेत असेल तर आपण मागच्या दाराशी सरकायचं. हात छतावर ठेवल्यासारखा दिसला पाहिजे, प्रत्यक्षात दोन बोटं वर अधांतरी. रंगाला घामाचा डाग पडता कामा नये. गाडीच्या फिरत्या चबुतऱ्याचा एक फेरा झाला की पाय बदलायचा, तेही ड्रेसची घडी न मोडता. हे सगळं जमायला अंग दुखेपर्यंत सराव लागतो आणि ते काम करणाऱ्या मुलींबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे.

गाडीच्या माहितीसाठी मात्र एक पान. त्यावर नाव, लांबी, ‘विजेवर चालणारी’ आणि भविष्याबद्दल चार गोड वाक्यं. कोणी काही विचारलं तर हसून माहिती सांगायला ठेवलेल्या प्रमोटर मुलाकडे बोट दाखवायचं, अशी सूचना. मी विचारलं, आम्हालाच का नाही शिकवत? सुपरवायझर म्हणाली, "तुमने मुंह खोला तो फोटो बिगड़ेगा।" ती हे रागाने बोलली नाही. तिच्या दृष्टीने ती कामाची अट होती. मला मात्र ते लागलं, आणि पुढच्या सगळ्या दिवसांत मी जे काही केलं ते या एका वाक्यापायी.

प्रगती मैदानावर ऑटो एक्स्पो १९८६ पासून भरत आलेला. २०१२ चा अकरावा. त्यानंतर बरीच वर्षं गाड्यांचं प्रदर्शन तिथे भरलं नाही. २०१४ पासून ते ग्रेटर नोएडाला गेलं. पहिले दोन दिवस पत्रकारांचे आणि मग सामान्य लोकांचे. पत्रकारांच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री आमची रंगीत तालीम होती. हॉलमध्ये प्लायवूड, फेविकॉल आणि ताज्या रंगाचा वास, सुतार अजून ठोकाठोकी करत होते. गाडी लाकडी पेटाऱ्यातून आली. अशा गाड्या विकण्यासाठी आणलेल्या नसतात. त्या ‘कार्नेट’वर येतात, म्हणजे ठरल्या मुदतीत जशी आणली तशी परत नेण्याच्या हमीपत्रावर, भारतात ही कागदपत्रं फिक्की या उद्योगसंघटनेमार्फत होतात. तिच्यासोबत युरोपातल्या स्टुडिओतून दोन माणसं आली होती. त्यांतला वयस्क माणूस क्ले मॉडेलर, म्हणजे गाडीचा आकार आधी क्लेमध्ये हाताने घडवणारा. हातात पांढरे सुती मोजे, खिशात मऊ फडकी, आणि गाडीभोवती असा फिरत होता की कोणी शिंकलं तरी त्याची मान वळावी.

गाडी चबुतऱ्यावर चढली ती पाच जणांनी ढकलून. इंजिन नाही, मोठी बॅटरीही नाही. जागेवरून हलवण्यापुरती छोटी मोटर होती आणि तीही त्या रात्री बंदच ठेवली होती. काचा काळ्या होत्या, कारण मागच्या सीटच्या जागी नुसती चौकट होती. आरशांच्या जागी बारीक कॅमेऱ्यांचे दांडे, आत तार नसलेले. दारं समोरासमोर उघडणारी, मध्ये खांब नाही; ती पडद्यामागे बसलेला एक माणूस रिमोटने उघडायचा. मला हे पाहून निराशा झाली नाही. उलट कुतूहल वाढलं. जे चालत नाही त्याच्यावर माणसं इतका जीव का लावतात?

तालमीच्या मधल्या वेळात मी त्या मॉडेलरला हेच विचारलं. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी साधारण एका पातळीचं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याने सांगितलेली प्रक्रिया मी त्या रात्री हॉटेलच्या पॅडवर उतरवून ठेवली. आधी स्केचेस. मग भिंतीएवढ्या कागदावर काळ्या चिकटपट्टीने गाडीची खऱ्या मापाची बाह्यरेषा, म्हणजे टेप ड्रॉइंग. मग लहान क्ले मॉडेल, सहसा एक चतुर्थांश मापाचं. ते पसंत पडलं की पूर्ण मापाचं. आत लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, फोमवर क्ले. ही क्ले कुंभाराची माती नव्हे. मेणासारखी, तपकिरी, भट्टीत साठ अंशांच्या आसपास गरम करून हाताने थापायची, थंड झाली की घट्ट. यंत्राने ढोबळ आकार कापायचा आणि शेवटचा हात माणसाचा: पातळ पोलादी पट्ट्यांनी एक एक पापुद्रा खरवडत. त्यावर रंगीत ताणलेली फिल्म चढवायची, म्हणजे क्ले रंगवलेल्या पत्र्यासारखी चमकते आणि उजेड कुठे अडतो ते दिसतं. पसंती झाली की साचे, फायबरचं अंग, रंग.

मग त्याने मला गाडीच्या बाजूला गुडघ्यांवर बसवलं. माझी नजर दाराच्या मुठीच्या पातळीला आली. छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत एका सरळ पांढऱ्या रेघेसारखं गेलेलं होतं. "आता डोकं हळूहळू खाली ने," तो म्हणाला. मी मान खाली नेली तशी ती रेघ सरकत गेली, मागच्या दारावर किंचित खाली झुकली आणि चाकाच्या कमानीवर पुन्हा वर उचलली गेली, कुठेही न तुटता. ते झुकणं त्यांनी मुद्दाम घडवलेलं होतं. गाडी उभी असतानाही ती मागच्या चाकांवर दबून झेप घ्यायच्या बेतात आहे असं वाटतं, ते त्या एका झुकावामुळे. त्याच्या हाताखालच्या चौघांनी या भागावर आठवडेच्या आठवडे घालवले होते. त्याआधी मी गाडीचे शेकडो फोटो पाहिले असतील. गाडी बघायला मी त्या रात्री शिकले.

हॉटेलवर येऊन बाबांना फोन केला. रात्रीचा एक वाजला होता तरी ते जागे होते. मी त्यांना ती रेघ सांगितली, गाडीच्या खांद्यावरची, म्हणजे खिडक्यांखालची धारदार घडी सांगितली, दारांच्या फटी सांगितल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घडीची धार किती आहे? नख अडकेल इतकी?" मी म्हटलं, हो. "मग ती पत्र्यात येणार नाही गं. साच्यात दाबून पत्रा इतका खोल ओढताना एवढी धार ठेवली तर तो फाटतो. डायवाला, साचा बनवणारा, म्हणेल वळणाची त्रिज्या वाढवा. फायबरमध्ये काय, काहीही जमतं. रस्त्यावरची गाडी येईल तेव्हा ही धार बोथट झालेली असेल, लिहून ठेव." आणि मग दारांचं: मधला खांब नसेल तर बाजूने धडक बसल्यावर भार कोण घेणार? आरशाच्या जागी कॅमेरा कायद्यात बसतो का? दिव्यांची उंची, वायपर, नंबरप्लेटची जागा, खाली उतरणारी काच. बाबा एकेक विचारत गेले आणि मी लिहीत गेले. जे मला कंपनीच्या एका पानात मिळालं नव्हतं ते तासाभरात निगडीहून मिळालं.

प्रेस डेच्या रिव्हीलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धूर, ढोलताशासारखं संगीत, रेशमी कापड, त्याची दोन टोकं आम्हा दोघींच्या हातात. कापड एका लयीत मागे ओढायचं, आरशांच्या दांड्यात अडकू द्यायचं नाही. ते नीट झालं. मग फ्लॅशचा मारा आणि "मॅडम, इधर! मॅडम, थोड़ा लेफ्ट!" आमच्या हॉलमध्ये आणि आजूबाजूला त्या वर्षी बघण्यासारखं खूप होतं: मारुती सुझुकीची एक्सए अल्फा, ह्युंदाईची आठ सीटची हेक्सा स्पेस, दिलीप छाब्रियांची अवंती. सुट्टीत मी टाचा काढून, स्वेटर घालून सगळीकडे फिरले. अर्टिगा तिथे विक्रीच्या रूपात उभी होती. दोन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ती आर३ नावाची कॉन्सेप्ट होती. बाबांनी सांगितलेलं सगळं तिच्यात तपासता आलं. चाकं लहान झालेली, धारा मवाळ झालेल्या, आणि तरी जुनी ओळख शिल्लक.

गाडी आणि मुलगी ही जोडी कुठून आली हे मला त्या दिवसांपासून शोधावंसं वाटायला लागलं. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्लने १९३८ मध्ये ब्युइक वाय-जॉब घडवून घेतली, ती सहसा पहिली कॉन्सेप्ट कार मानतात. क्लेमध्ये गाडीचा आकार घडवायची रीतही त्यानेच रुजवली. १९४९ ते १९६१ या काळात या कंपनीचे ‘मोटोरामा’ सोहळे व्हायचे. वाद्यवृंद, नाच, गाणी, आणि मध्ये जेट विमानासारखी टर्बाइनवर चालणारी फायरबर्ड. उद्याची गाडी आणि आजचा झगमगाट एकाच रंगमंचावर आले ते तिथे. पुढे अशी स्वप्नं थेट पडद्यावरही गेली. लिंकनची फ्युचुरा १९५५ साली इटलीतल्या घिया कारखान्यात बनली, गाड्यांना नवं रूप देणाऱ्या जॉर्ज बॅरिसने ती घेतली आणि १९६६ च्या ‘बॅटमॅन’ टीव्ही मालिकेसाठी तिची बॅटमोबिल केली. बर्टोने या इटालियन डिझाइन कंपनीची स्ट्रॅटोस झिरो १९७० ची, मार्चेल्लो गांदिनीची रचना, जमिनीपासून ८४ सेंटिमीटर उंच. आत शिरायचं तर पुढची काच उचलून. माझ्या कमरेपर्यंतही ती येणार नाही. तिच्यासारखी धाडसी रेषा पुन्हा कोणी काढली नाही असं माझं ठाम मत आहे. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात टीव्हीआर कंपनीच्या स्टॉलवर नग्न मॉडेल उभ्या केल्या गेल्या. गर्दी झाली, बातम्या झाल्या. गाडीबद्दल मात्र त्यातून कोणालाच काही कळलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती एक वेगळी हकिकत. हार्ली अर्लनेच पन्नाशीच्या दशकात आपल्या विभागात काही तरुण मुली डिझायनर म्हणून घेतल्या. कंपनीने प्रसिद्धीसाठी त्यांना ‘डॅमझेल्स ऑफ डिझाइन’ असं गोंडस नाव दिलं, जे त्यांना स्वतःला आवडत नव्हतं. १९५८ मध्ये त्यांनी सजवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन झालं. रंगसंगती, सीटचं कापड, आतल्या सोयी, असा बराच विचार त्यांनी केला होता. बहुतेकींना अंतर्भागाच्या पलीकडे जाऊ दिलं गेलं नाही आणि अर्ल निवृत्त झाल्यावर बऱ्याच जणींची वाट तिथेच थांबली. सुझान व्हँडरबिल्ट मात्र टिकली, १९७७ पर्यंत. गाडीशेजारी फोटोला उभी असलेली बाई त्या गाडीची निर्मातीही असू शकते, हे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. तो धागा मध्येच सोडला गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

सामान्य लोकांचे दिवस सुरू झाले आणि प्रगती मैदान मेट्रो स्टेशनपासून रांगा लागल्या. पाऊण तास उभं राहायचं, पाऊण तास विश्रांती. हॉलचं शटर उघडं, थंडी थेट अंगावर. दोरी चबुतऱ्याच्या इतकी जवळ बांधली होती की हात लांबवला तर माणूस आमच्यापर्यंत पोचे. पोचलेही. फोटोच्या निमित्ताने कमरेला हात, ड्रेसची टोकं ओढणं, खालून मोबाइल धरणं. सुपरवायझरचं उत्तर तयार होतं: "एडजस्ट करो, पब्लिक डे है।" आम्ही मुलींनी मेकअप रूममध्ये बसून ठरवलं की दोरी दोन पावलं मागे गेल्याशिवाय दुपारच्या पाळीला कोणीच चढणार नाही. गुवाहाटीची मुलगी आमच्यात वयाने लहान आणि सर्वांत ठाम. तिनेच जाऊन सांगितलं. दोरी मागे गेली, दोन रक्षक उभे राहिले, आणि पाळी संपली की अंगावर घ्यायला शाली आल्या. भांडण करावं लागलं नाही, फक्त सगळ्यांनी एकदम बसून राहावं लागलं.

बोलायची परवानगी मिळाली ती आणखी वेगळ्या वाटेने. लोक येत होते आणि तेच तीन प्रश्न विचारत होते: कितना देती है, कितने की है, कब आएगी. प्रमोटर मुलगा एकटा, गर्दीत दिसायचाही नाही. एकदा त्याला जेवायला सोडलं आणि मी माझ्या जागेवरूनच एका मुलाला उत्तर दिलं. ही विकायची गाडी नाही, कंपनी पुढच्या काही वर्षांत कोणत्या रेषेवर जाणार त्याचा हा नमुना आहे. आरशांऐवजी कॅमेरे का, दारं अशी का, आणि यातलं काय प्रत्यक्षात येणं अवघड आहे. शेवटचा भाग बाबांचा होता. माणसं थांबली. मोबाइल खाली आले. कंपनीचे मार्केटिंगवाले साहेब मागे उभे राहून ऐकत होते हे मला नंतर कळलं. त्यांनी मॉडेलरला विचारलं, ही सांगते ते बरोबर आहे का. त्याने मान डोलावली, आणि दुपारपासून माझ्या कॉलरला माइक लागला. ड्रेसला कॉलर नव्हती, म्हणून वर ब्लेझरही मिळाला.

त्यानंतरच्या एका दुपारी तीन-चार माणसं दोरीला टेकून आपसात मराठीत बोलत होती. कोल्हापूरची, शिरोली एमआयडीसीतली, स्वतःची फाउंड्री असलेली. शेजारच्या सुट्या भागांच्या दालनात कामासाठी आलेली. त्यांतला एक सोबत्याला म्हणाला, "विजेची झाली गाडी तर इंजिनचा ब्लॉक नाही, हेड नाही. आपण ओतायचं काय?" मी चबुतऱ्यावरूनच मराठीत म्हटलं, "काका, मोटरचं आवरण लागेल, ब्रेकचे भाग लागतील, सस्पेन्शनचे लागतील. पण बीड कमी आणि ॲल्युमिनियम जास्त." ते चमकले, हसले आणि मग खरोखरच विचारायला लागले. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, पुढचं मॉडेलरला विचारून दिलं. बराच वेळ उभे होते. त्यांना गाडीच्या चकाकीशी घेणं नव्हतं. दहा वर्षांनी आपल्या भट्टीत काय असेल हा त्यांचा प्रश्न होता, आणि कॉन्सेप्ट कार ज्यांच्यासाठी असायला हवी ती माणसं मला त्या दिवशी भेटली.

पैसे यायला उन्हाळा उजाडला. टीडीएस कापून, वर ‘एजन्सी चार्जेस’ म्हणून आधी न सांगितलेली रक्कमही कापून. करार इंग्रजीत दोन ओळींचा होता, त्यामुळे दाद कुठे मागायची तेच नव्हतं. शिवाय आमचे फोटो कुठे आणि किती काळ वापरले जातील याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

बी.कॉम. झाल्यावर मी प्रॉडक्ट ट्रेनिंगमध्ये शिरले, आणि आता गाड्यांच्या लॉन्चसाठी उभ्या राहणाऱ्या मुला-मुलींना तयार करते. मधल्या काळात जगही हललं. शांघायच्या प्रदर्शनाने २०१५ मध्ये मॉडेल ठेवणं बंद केलं, फॉर्म्युला वनने २०१८ च्या हंगामापासून ग्रिड गर्ल्स, म्हणजे शर्यतीआधी गाड्यांपाशी उभ्या राहणाऱ्या मुली, थांबवल्या. मला यातला एक भाग पटतो आणि एक पटत नाही. कमी कपड्यांत थंडीत उभं करणं थांबलं, उत्तम झालं. पण मुलीच काढून टाकल्या, तिथे त्यांची कमाईही गेली आणि गाडीशेजारची जागाही. त्या जागी माहिती देऊन, माइक देऊन, पँट-शर्टात आणि सपाट बुटांत तीच मुलगी उभी करता येते. मी तेच करते. स्टॉलवर येणाऱ्या शाळकरी मुलींना त्याने काय वाटतं ते मी पाहिलंय. गाडी बनवायला काय शिकावं लागतं, हे त्या थेट त्या मुलीलाच विचारतात. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीत, मुंबईत आयआयटीच्या आयडीसीत, गांधीनगरला एनआयडीत वाहन डिझाइन शिकवतात हे उत्तर आता आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलं जातं.

२०१८ मध्ये ग्रेटर नोएडाला टाटांची एच५एक्स पाहिली आणि पुढच्या जानेवारीत तिची हॅरिअर झाली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. शोरूममध्ये त्यांनी विक्रेत्या मुलीला नमस्कार केला आणि सरळ दाराच्या फटीवर बोट ठेवलं. कॉन्सेप्टवरची भलीमोठी चाकं जाऊन १७ इंची आली होती, धारा सौम्य झाल्या होत्या. वर बारीक दिवे आणि खाली मुख्य दिवे ही मांडणी आणि अधांतरी वाटणारं छत मात्र टिकलं होतं. "बरंच वाचवलं की यांनी," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी क्वचितच ऐकली आहे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींचे फोन येतात. त्यांना मी सांगते: करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागा आणि कापली जाणारी प्रत्येक रक्कम त्यात लिहून घ्या. फोटो कुठे व किती काळ वापरणार, पैसे किती दिवसांत मिळणार, पाळी किती वेळाची, बसायला खुर्ची आणि कपडे बदलायला बंद खोली आहे का, दोरी किती अंतरावर, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं कागदावर असू द्या. कपडे आधी पाहा, थंडीचे दिवस असतील तर वर घालायला काय आहे ते विचारा. आणि गाडीची पूर्ण माहिती किमान आठवडाभर आधी मागा. देणार नसतील तर का देत नाही ते विचारा. उत्तर ऐकून मग होकार कळवा.